खिशातला फ्यूज

"आदी मेन दाखवा," असं तो दारातच म्हणायचा. चपला काढायच्याही आधी. पाणी घ्या म्हटलं तरी तेच, बसा म्हटलं तरी तेच. मग मेनपाशी जायचा, खटका खाली ओढायचा, पेटी उघडायचा, आतला पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. खिशावर एकदा तळवा दाबून बघायचा. एवढं झालं की मग आमच्याकडे वळून, "हां, बोला. काय झालं?"

सरावलीत आमच्या बाजूला जी जुनी बैठी घरं आहेत, त्यांतल्या कुणालाही विचारा. प्रत्येकाच्या घरातला फ्यूज कधी ना कधी त्या खिशात जाऊन आलेला आहे. त्याला नाव होतं, आधार कार्डावर असणारच. पण आम्ही सगळे वायरमन म्हणायचो, आणि तोही फोनवर स्वतःला वायरमनच म्हणायचा.

तो मुरब्याचा. घरचा धंदा मासेमारीचा. बाप, काका, चुलतभाऊ सगळे बोटीवर. ह्याला मात्र बोट किनाऱ्यापासून जरा लांब गेली की उलट्या. "दर्या मला नको आन मी दर्याला नको," असं तो सांगायचा. त्यात खंत वगैरे काही नसायची. घरचे लोक मात्र त्याच्या पिशवीत अधूनमधून सुके बोंबील घालून द्यायचे, कुणाकुणाला पोचवायला. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेप आणि बोंबील एकाच पिशवीत. त्यामुळे वायरमन गल्लीत शिरला की आधी मांजरांना कळायचं. तो स्टुलावर चढून काम करतोय आणि खाली दोन मांजरं मान वर करून बसलीत, हे दृश्य आमच्याकडे इतकं नेहमीचं होतं की कुणी हसायचंही नाही.

त्याच्या कामाची तऱ्हा तुम्ही पाहायला हवी होती. फ्यूज खिशात असला तरी तो बोर्डाला हात लावायचा नाही. आधी बाहेर मीटरच्या पेटीशी जाऊन टेस्टर लावायचा. मीटरकडे वीज असतेच, तिथे टेस्टर पेटला म्हणजे टेस्टर शाबूत. मग आत येऊन बोर्डाला लावायचा. नाही पेटला की परत मीटरकडे, पुन्हा एकदा पेटवून बघायला. उन्हात टेस्टरचा दिवा दिसत नाही, म्हणून देवापुढचं निरांजन वाऱ्यात जपावं तशी त्यावर हाताची ओंजळ धरायचा. एका बल्बच्या होल्डरसाठी तीन फेऱ्या. माझ्यासारख्या माणसाचा पारा चढायला तेवढं पुरे.

"अहो, फ्यूज तुमच्याच खिशात आहे ना?" मी एकदा म्हटलं.

"हाय."

"मग तपासता काय?"

"खिशात हाय ह्ये मला ठाव. वायरला ठाव हाय का, त्ये बगतो."

मी तापीकाठचा, नोकरीपायी इकडे आलो आणि एका कंपनीचं स्टोअर सांभाळत निवृत्त झालो. आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला सगळ्यातलं कळतं. वायर किती मिलीमीटरची, प्लग किती अँपिअरचा, हे मला तोंडपाठ. त्यामुळे आमच्या दोघांचं फारसं जमायचं नाही. माझी बायको मात्र त्याच्या बाजूची. बाथरूममधला बल्ब बंद असतानाही होल्डरला झटका बसतो ही तक्रार ती मला वर्षभर करत होती आणि मी "ओल्या हातानं लावतेस म्हणून" असं वर्षभर सांगत होतो. वायरमनने पाच मिनिटांत दाखवलं की बटण चुकीच्या वायरवर बसवलंय. बल्ब विझतो, पण वीज होल्डरपर्यंत येऊन बसलेली असते.

"वहिनी बरोबर हाय," एवढंच तो म्हणाला. ते वाक्य आमच्या घरात पुढे पुष्कळ वर्षं वापरात राहिलं.

एक खोड मात्र होती. काम उरकलं की फ्यूज परत बसवून, वीज आलेली बघूनच तो निघायचा. पण काम अर्धं राहिलं, सामान आणायचं राहिलं, की तो फ्यूज खिशात घेऊन सरळ निघून जायचा. कधी मुद्दाम, कधी विसरून. फोन केला की मुरब्याहून शांत आवाज: "माज्याकडंच हाय. काळजी नको." काळजी त्याला नसायची. इकडे फ्रिजमधलं दूध नासायचं.

आता मी माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळणार नाही आणि मीही कळणार नाही.

मुलाकडचे घिवलीचे. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घरची नारळी-चिकूची वाडी, माणसं मोजकं बोलणारी. दोघं बोईसरला एकाच कंपनीत कामाला, तिथंच जमलं. आम्ही बाहेरून आलेली माणसं, तेव्हा कुठे कमी पडू नये अशी मला धास्ती. रविवारी साखरपुडा, आमच्याच अंगणात. शुक्रवारी वायरमनला बोलावलं. काम काय, तर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आचाऱ्याच्या मिक्सरसाठी एक प्लग आणि अंगणात माळांसाठी एक. दोन तासांचं काम.

त्याने शेडमधला जुना बोर्ड उघडला, वायरी मोकळ्या केल्या आणि मग भिंतीतून बाहेर येऊन जमिनीत गेलेली अर्थिंगची तार धरून जरा ओढली. तार त्याच्या हातात आली. सगळीच. घर बांधणाऱ्याने ती बोटभर खोल मातीत खुपसून वर सिमेंटचा गिलावा मारला होता. खाली ना पाइप, ना कोळसा, ना मीठ, काही नाही. वर खाऱ्या हवेने ती गंजून गेलेली. इतकी वर्षं आमचा गीझर, फ्रिज, इस्त्री सगळं त्या तारेच्या भरवशावर चाललं होतं.

ती तार त्याने माझ्या हातात दिली. मी स्टोअरवाला, मला वस्तू हातात दिली की ती उलटसुलट करून बघायची सवय. बघितली.

"रविवार होऊ द्या," मी म्हटलं, "सोमवारी खड्डा खणू."

"पत्र्याची शेड, अंगनात पानी, आचारी ओल्या हातानं मिक्सर लावनार. सोमवार नाय. उद्या पाइप, मीठ, कोळसा घेऊन येतो. आज ह्या वायरी उगड्या हायत, म्हनून आज लाइट नाय."

आणि खिशावर तळवा दाबून तो निघून गेला. मे महिना. घरात पाहुणे आलेले. पंखे बंद. मोबाईल लावला तर लागेना. मी घर डोक्यावर घेतलं. हा कोण टिकोजीराव, माझ्या घरातली वीज खिशात घालून नेणारा? बायको म्हणाली, "एक रात्र निघेल. हातपंखे आहेत." मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

संध्याकाळी बोईसरच्या रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ये लो चाचा, सेम टू सेम. लगाओ और सो जाओ." तसाच पांढरा, चिनी मातीचा, नवाकोरा फ्यूज. मी घरी येऊन पेटीत बसवला, खटका वर केला, आणि सगळे पंखे एकदम फिरायला लागले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेडमध्ये उघड्या वायरी होत्या, हे मी विसरलो नव्हतो. मागच्या दाराला आडवी खुर्ची लावली आणि सगळ्यांना बजावलं की तिकडे कुणी फिरकायचं नाही. सकाळी वायरमन नऊला येतो. आठला उठून फ्यूज काढून ठेवायचा, त्याला कळायचं कारण नाही. असा माझा हिशेब.

"त्यांना सांगितलंत का?" बायकोने विचारलं.

"सांगतो," मी म्हटलं. आणि पंख्याखाली झोपलो.

सकाळी सात वाजता मी दात घासत होतो. बाथरूमच्या खिडकीतून मागची शेड दिसते. शेडपाशी एक मांजर बसलेलं दिसलं. मान वर करून.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, माझ्या तोंडात पेस्ट होती, ती तशीच राहिली. काम जास्त म्हणून तो लवकर आला होता आणि आम्ही झोपलेले असू म्हणून बेल न वाजवता बाजूच्या बोळातून थेट मागे गेला होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते मलाही कळलं नाही, नुसता फेस उडाला. खुर्ची आडवी, ती मीच लावलेली, तिला अडखळून पडलो, उठलो आणि बनियनवर शेडमध्ये पोचलो.

तो उपड्या बादलीवर बसला होता. जिवंत होता. हे मी आत्ता लिहितानाही मला बरं वाटतं, म्हणून लिहितो. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात आमचा जुना फ्यूज, खिशातून बाहेर काढलेला. उघडी वायर त्याच्या डोक्यापासून वीतभर लांब लोंबत होती. त्याने नेहमीप्रमाणे मीटरला टेस्टर लावला होता, मग वायरीला लावला होता, आणि तो पेटला होता. मग टेस्टर बिघडला असेल म्हणून पुन्हा मीटरकडे जाऊन आला, पुन्हा लावला, पुन्हा पेटला.

"भाऊ," तो म्हणाला, "फ्यूज माज्या हातात हाय आन वायरीत लाइट हाय. आता खोटं कोन बोलतंय ते सांगा."

मी तोंड पुसलं आणि सांगितलं. दुकान, नवा फ्यूज, पंखे, सगळं. तो रागावेल, पिशवी उचलून चालता होईल, शिव्या देईल, असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आदी मेन," तो म्हणाला. मी आत जाऊन खटका पाडला, नवा फ्यूज काढून आणला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्याने दोन्ही फ्यूज खिशात टाकले. मग म्हणाला, "वहिनींना चा सांगा." चहा आला. त्याने कप न पिताच जमिनीवर ठेवला आणि बोलायला लागला. एरवी कामाशिवाय चार वाक्यं न बोलणारा माणूस.

त्याला हे काम त्याच्या मोठ्या भावाने शिकवलं. दोघं एका घरी पंखा बसवायला गेले होते. भाऊ आतल्या खोलीत शिडीवर, हा बाहेर मेनपाशी. तेव्हा फ्यूज काढायची पद्धत नव्हती, नुसता खटका पाडायचा. आतून शिडी सरकल्याचा आवाज आला. ह्याला वाटलं, भाऊ उतरला, काम झालं. घरातलं तान्हं पोर उकाड्यानं रडत होतं. घरची बाई म्हणाली, लावा की आता.

"दादा उतरला नवता. शिडी सरकवून परत चडला होता," तो म्हणाला. "खटका मीच वर केला. दुसरं कोनी नाय. मी."

बायको दारात उभी होती, ती आत गेली.

"तवापासून फ्यूज खिशात. खटका कोनी बी वर करतं, भाऊ. मानसं वाईट नसतात. पोर रडतं, उकडतं. पन खिशातला फ्यूज मला विचारल्याबिगर कोन लावनार?" एवढं बोलून तो जमिनीवरचा चहा उचलून एका दमात प्यायला. "दुसरा आनतील ह्ये माज्या डोस्क्यात आलं नाय."

मला लाज वाटली. मी साठीला टेकलेला माणूस, मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, बनियनवर, तोंडाला पेस्ट लागलेली, आणि शरमेने मान वर होईना. माफ करा म्हटलं. तो म्हणाला, "कुदळ हाय का?"

खड्डा मी खणला. माझ्या पुतण्याने मदतीला हात पुढे केला, तर वायरमन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. भाऊच खनतील." दुपारच्या उन्हात छातीएवढा खड्डा. तो वर बसून बघत होता आणि अजून खोल, अजून खोल, एवढंच म्हणत होता. मग पाइप उभा केला, कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर दिले, जाड तार घट्ट आवळली आणि वर पाणी ओतलं. संध्याकाळी आमचा जुना फ्यूज त्याने स्वतः बसवला. नवा खिशातच राहिला. मी मागितला नाही.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून जेवायला आला. पंगत बसायच्या आधी कुणालाही न विचारता तांब्याभर पाणी घेतलं, मागे गेला आणि अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. जमीन ओली राहिली तर वीज नीट मुरते, म्हणून. घिवलीच्या विहीणबाई हे बघत होत्या. त्यांना वाटलं आमच्याकडची रीत असेल. त्यांनीही तांब्याभर पाणी ओतलं आणि नमस्कार केला. मग त्यांच्या दोन जावांनी केला. पुढे बायकोनेच तिथे दर शनिवारी पाणी घालायला सुरुवात केली, आणि सणाला हळदकुंकूही. आमच्या घराची अर्थिंग त्यामुळे फार उत्तम आहे.

काही वर्षांनी मेनची ती जुनी पेटी गेली आणि एमसीबी आली, नुसता खटका, आत फ्यूजच नाही. वायरमनला ती आवडली नाही. काम करते हे तो मान्य करायचा, पण तिच्यातून उपसून न्यायला काही नाही. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने खटका पाडला. हात सवयीने खिशाकडे गेला आणि परत आला. मग तो वळून मला म्हणाला, "तुमी. हितं उबे ऱ्हावा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"माझे गुडघे दुखतात हो. हिला उभी करा ना, ती तर तुमच्या बाजूची."

"वहिनी हलतील. कुकर वाजला, फोन वाजला, हलतील," तो म्हणाला. "तुमी आता हलनार नाय."

तेव्हापासून तो आला की मी एमसीबीपाशी. कधी पंधरा मिनिटं, एकदा तर दोन तास. मधे कुणी आलं, गेलं, मी तिथंच. त्याच्याशी माझ्या गप्पा झाल्या त्या ह्याच काळात, भिंतीपलीकडून. दिसायचा नाही, आवाज यायचा. "हायत का?" तो मधूनच विचारायचा. "आहे," मी म्हणायचो. त्याचं समाधान व्हायचं.

तो गेला तो विजेने नव्हे. साधा ताप, मग दवाखाना, मग आठवडाभराने आम्हाला कळलं. आम्ही दोघं मुरब्याला भेटायला गेलो. त्याची बायको पडवीत बसली होती. दोन बोटं रुंदीचं एक लाकडी फळकूट भिंतीला ठोकलेलं, त्याच्यावर ओळीने पांढरे फ्यूज. विसरून आणलेले, घरं पाडली म्हणून परत न गेलेले, मालक गाव सोडून गेले ते. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पेनने ठिकाण लिहिलेलं. पुसून-बिसून ठेवलेले. एकावर लिहिलं होतं, "सरावली. खोटा."

"ह्यो कोनाचा, काय म्हाईत," ती म्हणाली. "रोज पुसायचे, पन सांगायचे नाय."

"माझा आहे," मी म्हटलं.

तिने तो उतरवून माझ्या हातात दिला. मी बसमध्ये रडलो. बायकोने खिडकीबाहेर बघितलं आणि मला रडू दिलं.

गेल्या महिन्यात बाथरूममधला होल्डर जळला. बोईसरचा एक नवा माणूस आला, तिशीतला, हुशार, कानात फोनची गोळी. आला तोच स्टूल घेऊन आत निघाला. "बटण बंद आहे ना काका, चालेल."

"आधी मेन," मी म्हटलं.

खटका मीच पाडला आणि एमसीबीला पाठ लावून उभा राहिलो. तो हसला. "काका, बसा ना. दहा मिनिटांचं काम आहे."

"मी इथंच बरा आहे. तुम्ही तुमचं सावकाश करा."

मधेच आतून बायकोने हाक मारली. घिवलीहून मुलीचा फोन होता, नातवाला आजोबांना काहीतरी दाखवायचं होतं. पहिलं चालणं होतं ते, मागून कळलं. "दोन मिनिटं या हो," ती म्हणाली. मी नाही म्हणून सांगितलं. ती बाहेर येऊन माझ्याकडे, मग एमसीबीकडे बघून गेली आणि पुन्हा बोलावलं नाही.

"झालं काका, लावा मेन," आतून तो ओरडला.

स्टूल सरकल्याचा आवाज मी ऐकला. तरी आधी आत जाऊन पाहिलं. तो जमिनीवर उभा होता, दोन्ही हात मोकळे, होल्डरपासून चांगला लांब. त्याला मी बाहेर बोलावलं, माझ्या शेजारी उभं केलं, आणि मग खटका वर केला.